मी बाज आणि मथुराबाईंची दुपार

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो, आणि या वयात मी नोकरी करते. पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक इको रिसॉर्ट आहे. तिथे करंजाच्या सावलीत माझी नेमणूक झालेली आहे. रिसॉर्टच्या रंगीत पत्रकात माझा फोटो आहे आणि त्याखाली 'अस्सल ग्रामीण आसन' असं छापलं आहे. बाज असं सरळ छापलं तर पुण्याचे पाहुणे येणार नाहीत, असं मालकांना कोणीतरी सांगितलं होतं. तुमच्यापैकी कोणी मऊ गादीवर लोळत हे वाचत असेल, तर माझी त्याला एवढीच विनंती आहे की माझी गोष्ट पुरी होईपर्यंत त्याने झोपू नये.

माझा जन्म इथला नव्हे. कोथरूडच्या पलीकडे तेव्हा एक शेतीचं गाव होतं. आता ते पुण्यातच आहे आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्या गावातल्या बापूरावांनी बांधावरची बाभूळ तोडून सुताराकडून माझे चार पाय करून घेतले आणि अंबाडीची दोरी स्वतः वळून मला विणलं. विणकाम असं घट्ट, की माझ्यावर भरलेला तांब्या ठेवला तरी तो कलंडत नसे. हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, कारण तो तांब्या पाहिलेलं आता कोणी फारसं उरलेलं नाही.

माझ्यावर बापूराव बसत. तलाठी बसत, सोयरीक घेऊन आलेले पाहुणे बसत. उन्हाळ्यात माझ्यावर मिरच्या वाळत घालत आणि मग आठ दिवस जो बसेल तो शिंकत असे. सगळं गाव माझ्यावर बसून गेलं, फक्त घरातलं एक माणूस कधी बसलं नाही. ते म्हणजे बापूरावांची सून, मथुराबाई.

आमच्याकडे रीतच तशी होती. सासऱ्यांच्या देखत सुनेने बाजेवर बसायचं नाही, खाली जमिनीवर बसायचं. बापूराव काही कडक नव्हते. एकदा ते आपणहून म्हणालेही, "बस की गं वर, पाय दुखत असतील." त्यावर मथुराबाई लाजून ज्या आत गेल्या त्या दिवसभर बाहेर आल्या नाहीत. पुढे बापूराव वारले, पण रीत काही वारली नाही. त्यांच्या जागी मथुराबाईंचे यजमान महिपती बसू लागले, मग मुलगा संभाजी, मग संभाजीचे मित्र. मथुराबाई आपल्या खाली, माझ्या पायाला टेकून, काहीतरी निवडत बसलेल्या. अगदी खरं सांगायचं तर त्या एकदा माझ्यावर झोपल्या होत्या, संभाजीच्या वेळच्या बाळंतपणात. सव्वा महिना झोपायचं असतं, पण ज्वारी कापणीला आली होती म्हणून बाराव्या दिवशी उठल्या. त्या बारा दिवसांत माझी आणि त्यांची जी ओळख झाली तेवढीच.

मग पुण्यात कॉम्प्युटरवाले आले. गावात रोज एक नवी गाडी यायची, तिच्यातला माणूस माझ्यावर बसायचा आणि तुमची जमीन कशी नुसती पडून आहे हे महिपतींना समजावून सांगायचा. जमिनीत तेव्हा कांदा उभा असायचा. शेवटी शेजाऱ्यांनी विकली, चुलत्यांनी विकली, मग आमच्याही घराने विकली. लोकांनी गाड्या घेतल्या. संभाजीने मात्र डोकं चालवून पौडच्या पुढे हा डोंगराचा तुकडा घेतला आणि तिथे बंगला बांधला. बंगल्यात सोफा आला. मी मागच्या पडवीत गेले, आणि चार वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या. नुसत्या बसल्या असत्या तर माझी तक्रार नव्हती.

दोन हजार चार साली संभाजीने रिसॉर्ट काढायचं ठरवलं. सल्ला द्यायला शहरातून एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी सोफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट पडवीत आले, कोंबड्या हुसकावल्या आणि मला बघून त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मला घासून धुतलं, वॉर्निश लावलं आणि करंजाखाली मांडलं. त्याच आठवड्यात महिपतींना फेटा बांधून फाटकाशी उभं केलं, येणाऱ्या प्रत्येक गाडीला 'राम राम पाव्हणं' म्हणायला. आम्हां दोघांची नेमणूक एकाच दिवशीची. महिपती उभ्या जन्मात कोणाला आपणहून राम राम म्हणाले नव्हते, पण मुलाच्या धंद्यासाठी तेही शिकले.

फाटकावर मोठी पाटी लागली: 'येथे विश्रांती मिळते.' आणि खरोखरच लोक विश्रांती घ्यायला येऊ लागले. ती घेताना मी त्यांना जवळून पाहिलं आहे. ते शनिवारी सकाळी येतात आणि आल्याआल्या मोबाईलला रेंज शोधत फिरतात. या सगळ्या डोंगरात रेंज फक्त माझ्या उशाकडच्या बाजूला येते, तीही एक कांडी. मग माझ्यावर उभं राहून, हात वर करून ते ओरडतात, "हो, एकदम शांत जागा आहे. शांत. शां-त." मुलं माझ्यावर उड्या मारतात, मोठी माणसं कोणी बघत नाही असं पाहून मारतात.

बाजेची दोरी पंधरा दिवसांनी पायथ्याकडून ओढून ताणावी लागते. बापूराव ती ताणायचे. इथे ते काम कोणाचं आहे हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. हळूहळू मी सैल पडले, मधोमध इतकी खोल गेले की बसलेल्या माणसाचे गुडघे त्याच्या कानाला लागत. पाहुण्यांना ते फार आवडलं. मला लाज वाटायची.

पण एवढ्या विश्रांतीसाठी लागणारी पिठलं-भाकरी, भरलं वांगं, खर्डा, पाच प्रकारचे चहा हे सगळं एकट्या मथुराबाई करत होत्या. हाताखाली वाडीतल्या दोन बायका असत, पण कालवणाला हात मथुराबाईंचाच हवा, कारण पत्रकात तसं छापलं होतं. साठीला आलेली बाई पहाटेपासून उभी. त्यांचा उजवा गुडघा आधी कुरकुरला, मग सुजला. नोव्हेंबरात संभाजी त्यांना कोथरूडला डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत आल्यावर त्या दोघांचं बोलणं माझ्यापाशीच झालं.

"पंधरा दिवस पाय जमिनीला लावायचा न्हाय म्हनला डॉक्टर," मथुराबाई म्हणाल्या. "न्हायतर पुढं काठी, आन् काठीनंबी भागलं न्हाय तर खुर्ची."

"आई, एवढा सीझन होऊ दे," संभाजी म्हणाला, "मग तू निवांत झोप."

संभाजी वाईट मुलगा नाही, मित्रांनो. त्याला ते मनापासून वाटत होतं. पण सीझन हुरड्याने सुरू होऊन होळीत शिरणार, तिथून मे महिन्याच्या सुट्टीत आणि मग पावसाळी सहलींत. रिसॉर्टला सीझन नसलेला महिना मी तरी पाहिलेला नाही. मी तिथे सैल दोऱ्यांनिशी उभी होते. बिनकामाच्या माणसांना दिवसभर झोपवत होते आणि जिला झोपेची खरी गरज होती ती माझ्यासमोरून दिवसातून पन्नास वेळा लंगडत जात होती. मला फार वाईट वाटायचं. पण बाजेला कोणाला बोलावता येत नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी हिंजवडीच्या एका कंपनीची बेचाळीस माणसं आली. त्यांच्या पुढे राजनंदिनी नावाच्या मॅडम होत्या. कंपनीत माणसांना आनंदी ठेवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि त्या कामाने त्या फार थकलेल्या दिसत होत्या. विश्रांतीचं वेळापत्रक त्यांनी छापून आणलं होतं. नऊ ते साडेनऊ चहा. साडेनऊ ते पावणेदहा मोकळा श्वास. पावणेदहा ते अकरा एकमेकांवर विश्वास. अकरा ते एक बैलगाडीतून ग्रामीण जीवनाचा अनुभव. एक ते दोन जेवण. दोन ते दोन चाळीस आराम, आणि आरामापुढे कंसात 'सर्वांना अनिवार्य'.

नेमकं त्याच दिवशी वाडीत लग्न निघालं. मथुराबाईंच्या हाताखालच्या दोघी लग्नाला गेल्या, आणि बैलगाडीही गेली, कारण नवरदेव तिच्यातून मिरवणार होता. त्यात पाहुण्यांपैकी कोणालाच विहिरीचं पाणी चालेना. तेव्हा संभाजी दहाच्या सुमारास पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणायला टेम्पो घेऊन कोथरूडला गेला. मागे राहिल्या मथुराबाई, त्यांचा सुजलेला गुडघा, बेचाळीस माणसं आणि टोपलीभर वांगी.

अकराला मथुराबाई वांगी चिरायला करंजाखाली आल्या. नेहमीप्रमाणे खाली बसायला गेल्या, पण गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला, तोंडातून नुसतं 'आई गं' बाहेर आलं. खुर्च्या सगळ्या तिकडे एकमेकांवर विश्वास ठेवायला गोल मांडलेल्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि माझ्या अगदी कडेला, बोटभर जागा घेऊन टेकल्या. ते बाळंतपण सोडलं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मी सैल होते. कडेला टेकलेलं माणूस माझ्यावर कडेला राहतच नसे. मथुराबाई घसरत मधोमध आल्या, पाय वर गेले, वांगी चारी दिशांना गेली आणि त्या माझ्यावर आडव्या झाल्या. उठायला गेल्या तर गुडघा साथ देईना, आणि मी तर मुळीच देत नव्हते. तुम्ही म्हणाल मी मुद्दाम केलं. मी त्यावर काही बोलणार नाही.

तेवढ्यात राजनंदिनी मॅडम बैलगाडी शोधत तिथे आल्या. त्यांच्या वेळापत्रकात दोन तासांचं भगदाड पडलं होतं आणि मागे बेचाळीस माणसं रांगेत उभी होती. समोर काय दिसलं, तर बाजेवर झोपलेली एक बाई, भोवती पसरलेली वांगी, बाजूला पाटा-वरवंटा. मॅडमचा चेहरा उजळला. रिसॉर्टवाल्यांनी बैलगाडीच्या बदली हे ठेवलं आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

"सगळे इकडे या," त्या म्हणाल्या. "ॲक्टिव्हिटी चेंज झाली आहे. आज लंच आपण बनवायचं. मावशी आपल्याला गाईड करणार आहेत."

"अगं बाई, मला उठीव आधी," मथुराबाई म्हणाल्या.

"नाही नाही मावशी, तुम्ही अजिबात उठू नका. तुम्ही फक्त सांगा."

तरी मथुराबाई उठू पाहत होत्या. तेव्हा रांगेतला साईनाथ नावाचा मुलगा पुढे आला. तो अमरावतीकडचा, पुण्यात नवाच नोकरीला लागलेला, सकाळपासून कोणाशी फारसा न बोललेला. त्याने खाली वाकून गुडघा पाहिला.

"काकू, हे तं टम्म सुजून राहिलं," तो म्हणाला. "माझ्या मायचं असंच झालं होतं. आता तुम्ही उठलात ना, तं मी इथंच बसतो, जेवत नाही."

मथुराबाईंना पाहुणा उपाशी राहणं चालणार नव्हतं. त्या मुकाट्याने पडून राहिल्या आणि बेचाळीस माणसांनी मथुराबाईंच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

योगेश नावाचा त्यांचा टीम लीडर वही घेऊन माझ्या उशाशी उभा राहिला. त्याने आधी हिशेब मांडला. माणशी तीन भाकऱ्या, एका भाकरीला चार मिनिटं, गॅसच्या सहा शेगड्या, म्हणजे दीड तासात काम फत्ते. मग तो सूचना लिहून घ्यायला लागला.

"मीठ किती?"

"लागंल तेवढं," मथुराबाई म्हणाल्या.

"म्हणजे नक्की किती?"

"चव बघून घालायचं."

"पण चव बघायच्या आधी किती?"

मथुराबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "लगीन झालंय का तुझं?"

"नाही."

"दिसतंय," त्या म्हणाल्या.

मीठ किती हा प्रश्न बाजूला राहिला, कारण मीठ कुठे आहे हेच कोणाला सापडेना. मग फाटकावरून महिपतींना बोलावलं. ते फेट्यासकट स्वयंपाकघराच्या दारात आले आणि परक्या घरात यावं तसे उभे राहिले.

"काका, मीठ कुठे असतं?"

"असंल की."

"पण कुठे?"

"ते तिला ठावं," म्हणून महिपती माझ्यापाशी आले. मथुराबाईंनी सांगितलं, वरच्या फळीला, बिस्किटाच्या डब्यात. महिपती गेले, परत आले. बिस्किटाचे डबे चार होते. एकात हळद, एकात सुतळी, एकात संभाजीची शाळेची पदकं. असे त्यांनी सात हेलपाटे घातले. सातव्या वेळी ते हळूच म्हणाले, "तू ह्ये समदं ध्यानात ठिवतीस व्हय?" मथुराबाईंना ते ऐकून बरं वाटलं. माझ्यावर पडलेल्या माणसाला काय वाटतं ते मला दोरीतून कळतं.

पहिल्या तासात सात भाकऱ्या झाल्या. त्यातल्या एकीतून पलीकडचा डोंगर दिसत होता. दोघांनी पीठ सैल झालं म्हणून पाणी घातलं, मग पाणी जास्त झालं म्हणून पीठ, आणि काथवट भरून वाहू लागली तरी ते थांबेनात. साईनाथला मात्र भाकरी येत होती. आईच्या आजारपणात शिकलो म्हणाला. मग सगळे त्याच्या भोवती जमले आणि ज्याच्याशी सकाळपासून कोणी बोललं नव्हतं त्याला 'सर, सर' करू लागले. वांगी चिरली गेली. कोणी देठ टाकून वांगं ठेवलं, कोणी वांगं टाकून देठ. साडेबाराला योगेश शेवटचा प्रश्न घेऊन आला.

"मावशी, फोडणीत आधी काय?"

"आधी जिरं," मथुराबाई म्हणाल्या. "ते तडतडलं की मग..."

आणि त्या थांबल्या. योगेश पेन धरून उभा. बराच वेळ झाला तरी पुढे काही येईना. त्याने वाकून पाहिलं, तर मथुराबाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर सरकलेला, एक हात खाली लोंबतोय. भर दुपारी, बेचाळीस माणसांच्या देखत, त्या गाढ झोपल्या होत्या.

"उठवू का?" योगेशने खुणेनेच विचारलं.

राजनंदिनी मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. वेळापत्रकाचा कागद त्यांनी चौघडी करून पर्समध्ये टाकला. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा बऱ्या वाटल्या. मग सगळा कारभार कुजबुजत सुरू झाला. जिऱ्यानंतर लसूण की कांदा, यावर चाळीस माणसांनी कुजबुजत मतदान घेतलं. लसूण दोन मतांनी जिंकला. कोणाचं तरी भांडं पडलं तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःहून बाहेर जाऊन उभा राहिला.

जेवण अडीचला झालं. वांगं एका बाजूने कच्चं आणि दुसऱ्या बाजूने करपलेलं होतं. पण सगळी माणसं पुण्याची असून कोणी एक शब्द बोललं नाही, कारण नाव ठेवायला स्वयंपाक दुसऱ्या कोणाचा नव्हता. जेवून झाल्यावर भांडी घासली, तीही कुजबुजत. मग जायच्या आधी एकदा बघावं म्हणून ते सगळे हळूहळू करंजाखाली आले आणि माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. माना खाली, हात पुढे बांधलेले.

नेमका त्याच वेळी संभाजी परत आला. टेम्पोतून उतरून खोका खांद्यावर घेतला आणि त्याला लांबून हे दिसलं. बापूरावांची बाज, तिच्याभोवती माना खाली घालून उभी असलेली माणसं, आणि बाजेवर आडवी असलेली आई. संभाजी पस्तीस वर्षांचा झाला होता, पण आईला दिवसा आडवी झालेली त्याने आजवर कधी पाहिली नव्हती. खोका त्याच्या खांद्यावरून पडला. तो धावत आला, लोकांना ढकलत आत शिरला.

"हळू," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. "सेशन चालू आहे."

त्याला ते ऐकूही गेलं नाही. तो माझ्यापाशी गुडघ्यांवर पडला आणि त्याने आईचे खांदे धरले.

"आई. आई, ऊठ. आई."

मथुराबाईंनी दचकून डोळे उघडले. मुलाचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि त्याही घाबरल्या.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "गॅस संपला?"

संभाजी तसाच जमिनीवर बसला, जिथे इतकी वर्षं आई बसायची तिथे. त्याचा चेहरा माझ्या दोरीला लागला होता आणि दोरी ओली झाली.

"काही नाही," तो शेवटी म्हणाला. "गॅस आहे. झोप तू."

"जेवले का समदे?"

"जेवले."

"मग बाजूला सर," मथुराबाई म्हणाल्या, "वारं अडतंय." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

संभाजी बाजूला सरकला. त्या संध्याकाळी त्याने पुढच्या दोन शनिवारांच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं, माझ्या उशाशी उभं राहून, एका कांडीच्या रेंजवर. दोन स्वयंपाकी ठेवले. मथुराबाई पंधरा दिवस माझ्यावर होत्या. सोळाव्या दिवशी संभाजीने भीत भीत विचारलं, "आई, आज उठणार का?" मथुराबाई म्हणाल्या, "बघू." सूज उतरली होती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही, पण आम्ही दोघंही गप्प राहिलो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे स्वतःसाठी काहीतरी मागायचं असतं. तेल लावा, ऊन दाखवा, अडगळीत टाकू नका, असं काहीबाही. मला वॉर्निश मिळालं आहे, माझं काही मागणं नाही. पण तुमच्या घरातही सगळे बसल्यावर कोणीतरी एक माणूस उभं राहत असेल. त्या माणसाला 'बसा' म्हणू नका, त्याचा उपयोग होत नाही. बापूरावांनी म्हणून पाहिलं होतं. तुम्हीच उठा, आणि ते माणूस बसेपर्यंत परत येऊ नका.